दोरीचं दुसरं टोक

मंडळी, हैदराबादच्या मराठी माणसांच्या आठवणी निघाल्या की काचीगुडा निघतो, सुलतान बाजार निघतो, १९०७ सालची आपली विवेक वर्धिनी निघते, गणपतीतली नाटकं निघतात. निघायलाच पाहिजेत. पण या शहरात आपण पिढ्यान् पिढ्या आणखी कशाच्या तरी शेजारी राहिलो आणि त्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. इथले दगड! मी त्या दगडांवर तरुणपणी चढले, मग तेरा वर्षं तिकडे फिरकले नाही, आणि गेली चार वर्षं पुन्हा चढतेय. वय एक्कावन्न. गुडघे बरे आहेत, चष्मा लागलाय.

आज आठवणींबरोबर एक मतही मांडते. पटलं नाही तर मोकळेपणानं सांगा.

सुटलेली गोष्ट पुन्हा धरायची म्हटलं की जो तो आपल्या मनाकडे बोट दाखवतो. मनावर घे, जिद्द पाहिजे, आळस झटक. मला हे तेरा वर्षं ऐकवलं गेलं. माझं मत असं, की प्रस्तरारोहणाची, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतल्या रॉक क्लाइंबिंगची, उमेद एकट्याच्या मनात कितीही धुंडाळली तरी सापडत नाही. ती दोरीच्या दुसऱ्या टोकाला असते. तिथे कुणी उभं असेल तर येते, नसेल तर जाते. त्यामुळे ज्यांची उमेद गेलीय त्यांनी स्वतःला बोल लावणं सोडावं आणि आधी ते दुसरं टोक कुठे गेलं ते बघावं.

ज्यांनी हैदराबाद फक्त चारमिनार आणि बिर्याणीपुरतं पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं दगडांविषयी. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा, लाव्हाच्या थरांवर थर बसून झालेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आमचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. तो जमिनीखाली थंड झाला, वरची माती-खडक झिजून गेल्यावर उघडा पडला, भेगांतून पाणी शिरून त्याच्या कडा गोल झाल्या. म्हणून इथे सुळके नाहीत, कडे फार नाहीत. एकावर एक ठेवल्यासारखे प्रचंड धोंडे आहेत. आम्ही त्या टेकाडांना डोंगर म्हणतच नाही, इथल्या तेलुगू शब्दानं ‘गुट्टा’ म्हणतो. गोवळकोंड्याचा किल्ला अशाच गुट्ट्यावर उभा आहे. मौला अलीचा दर्गाही तसाच.

पुण्याचे मावसभाऊ सुट्टीत यायचे तेव्हा हसायचे. त्यांच्याकडे लिंगाणा, तैलबैला, नागफणी. आमच्याकडे काय, तर धोंडे! पण एकदा त्यातल्या एकाला खाजागुड्याला नेलं आणि उतरत्या, गुळगुळीत दिसणाऱ्या दगडावर उभं केलं. त्याचे हात पकड शोधत राहिले. बेसाल्टवर बोटं अडकवायला खाचा मिळतात, आणि ती खाच हातात निघून तर येणार नाही ना, हे बघावं लागतं. ग्रॅनाइटच्या उतारावर खाच नसतेच. तळव्याचं रबर दगडावर दाबायचं, टाच खाली ठेवायची, अंग दगडापासून थोडं दूर धरायचं आणि घर्षणावर विश्वास टाकायचा. घाबरून दगडाला मिठी मारली की पाय घसरलाच. मावसभाऊ वीस मिनिटं तिथेच होता. नंतर धोंडे म्हणाला नाही.

आम्ही सहा जण होतो. १९९५ च्या आसपासची गोष्ट. तीन मराठी, एक तेलुगू, एक जुन्या शहरातला दक्खनी बोलणारा मित्र आणि एक तमिळ मुलगी. रविवारी पहाटे साडेपाचला दोन स्कूटर आणि एक मोटारसायकल. माझी आई म्हणायची, “काय त्या धोंड्यांवर चढायलीस, देवळात तरी जा.” आमचं घराणं परभणीकडचं, तिची बोली कधी बदलली नाही. दोरी एकच होती, हार्नेस दोन, आणि बूट सगळ्यांचे मिळून तीन जोड. इंग्रजी हुकूम आमच्या तोंडी बसलेच नाहीत. दोरी सैल हवी असली की “ढील दे”, घट्ट हवी असली की “खींच”. संक्रांतीच्या पतंगांची भाषा. गच्चीवर शिकलेली, दगडावर कामाला आली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, दोरीवर चढणारा कधीच एकटा चढत नाही. त्याच्या कमरेला बांधलेली दोरी वर पक्क्या आधारातून जाऊन परत खाली येते आणि खाली उभ्या असलेल्या जोडीदाराच्या हार्नेसवरच्या छोट्या यंत्रातून जाते. चढणारा वर सरकला की जोडीदार तेवढी दोरी ओढून घेतो. चढणारा निसटला की जोडीदाराचा खालचा हात दोरी आवळतो आणि पडणारा माणूस हातभर खाली येऊन थांबतो. याला बिले देणं म्हणतात. निघण्याआधी दोघं एकमेकांची गाठ तपासतात. स्वतःची गाठ कितीही पक्की वाटली तरी दुसऱ्यानं बघायचीच. मला या खेळातलं सगळ्यात जास्त काय आवडत असेल तर ही गाठ तपासणं.

आता ते सुटलं कसं, ते सांगते. अपघात झाला नाही. भीती बसली नाही. कुणी मना केलं नाही. माणसं गेली. तमिळ मुलगी लग्न होऊन सिंगापूरला. तेलुगू मित्र अमेरिकेला. मराठीतला एक पुण्याला, एक बंगळूरला. आपल्या हैदराबादी मराठी घरांना हे नवं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि एकाच घरातले भाऊ दोन राज्यांत राहिले. माझे आजोबा म्हणायचे, आम्ही कुठे गेलो नाही, गावच आमच्यापासून निघून गेलं. नंतरच्या पिढीला नोकऱ्यांनी पांगवलं. सहातले आम्ही दोघंच उरलो, मी आणि जुन्या शहरातला मित्र. मग त्याच्या वडिलांचं आजारपण आलं, त्याला दुकान बघावं लागलं.

माणसांबरोबर दगडही गेले. १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभं राहिलं आणि माधापूर, गचीबावली, कोंडापूरकडचा सगळा भाग झपाट्यानं बदलला. त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही, आपल्यातल्या किती घरांच्या चुली त्या नोकऱ्यांवर पेटल्या. पण ज्या धोंड्यावर मी पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवला, तो सुरुंग लावून फोडला गेला. आज तिथे इमारतीचं तळघर आहे, गाड्या लागतात. त्या दगडावरची प्रत्येक पावलाची जागा मला अजून पाठ आहे. पायांना पाठ असलेला रस्ता आणि रस्ताच नाही, याला काय म्हणायचं ते मला अजून कळलेलं नाही.

२००८ नंतर मी गेलेच नाही. आणि मग सुरू झाला उपदेश. घरचे म्हणाले, वय झालं. मैत्रिणी म्हणाल्या, मनात आणलं तर काय अवघड आहे? भावानं डोंगर चढणाऱ्या थोरांच्या चित्रफिती पाठवल्या. बघायला छान वाटायच्या. बघून झाल्यावर मी चहा ठेवायची. पुढे शहरात बंदिस्त हॉलमध्ये चढाईच्या भिंती आल्या. तिथेही महिनाभर गेले. दोरी आपोआप ओढून घेणारं यंत्र होतं, त्यामुळे जोडीदाराची गरज नव्हती. हात सुधारले. उमेद आली नाही. त्या भिंतींशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते. टोकियो ऑलिंपिकपासून हा खेळ पदकांचा झाला, पॅरिसला २०२४ मध्ये वेगाच्या चढाईला वेगळं पदक मिळालं, आणि आजची मुलं त्या भिंतींवरच तयार होतात. चांगलंच आहे. मी फक्त इतकंच म्हणते, की यंत्रानं माझी दोरी धरली होती आणि यंत्राला मी आले काय नि न आले काय, सारखंच होतं.

मग २०२१ च्या नोव्हेंबरात आमच्या इमारतीत परभणीकडची एक मुलगी भाड्यानं राहायला आली. पुण्यात शिकलेली, सह्याद्रीत भरपूर भटकलेली, इथे नोकरीला. गाव एकच निघाल्यावर आईनं तिला जेवायला बोलावलं आणि जेवताना माझं सगळं पुराण सांगितलं. दुसऱ्या दिवशी पोरगी दारात. “काकू, तुम्हाला बिले देता येतं म्हणे?” तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी भोनगीरच्या किल्ल्यावर सुरुवातीचं शिक्षण घेतलं होतं. सराव करायचा होता, सामान होतं, पण खाली उभं राहायला अनुभवी माणूस नव्हतं. मी म्हटलं, मला आता चढायचं मन नाही गं. ती म्हणाली, “चढू नका ना. नुसती दोरी धरायला या.”

मी नुसती दोरी धरायला गेले. पाच रविवार. पहिल्या दिवशी तिची गाठ तपासायला हात पुढे केला तेव्हा मला वाटलं होतं, विसरले असेन. बोटांना सगळं आठवत होतं. ती वर सरकली की उजवा हात आपोआप दोरी घ्यायचा. दुसऱ्या रविवारी ती निसटली, दोरी माझ्या हातात आवळली गेली, आणि ती वरून खदखदून हसत ओरडली, “थँक्यू काकू!” तिसऱ्या रविवारी मला शनिवारी रात्रीच झोप लागेना. लहान मुलांना सहलीच्या आदल्या रात्री लागत नाही, तशी. चढायची इच्छा अजून शून्य होती. पण रविवारी कुणीतरी माझी वाट बघणार होतं, मी गेले नाही तर तिचं चढणं अडणार होतं, एवढं मला उठायला पुरलं. सहाव्या रविवारी तिनं न विचारता दोरीचं टोक माझ्याकडे दिलं. मी बांधलं. तिनं माझी गाठ तपासली.

माझ्या मताचा सगळा पुरावा एवढाच आहे. एका बाईची गोष्ट म्हणजे नियम नव्हे, मान्य. पण त्यानंतर मी हा प्रश्न सोडलेल्या बऱ्याच जणांना विचारला. बहुतेकांचं उत्तर आधी ‘वेळ मिळत नाही’ असं येतं आणि जरा बोलतं केलं की निघतं, ‘आमचा ग्रुप फुटला.’

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. माझ्या भावानंच घेतला. दुसऱ्यावर अवलंबून असलेली उमेद ती कसली? उद्या ती मुलगी बदली होऊन गेली की तू पुन्हा घरी. प्रश्न रास्त आहे. पण चढाईत अवलंबून असणं हा दोष धरला तर खेळच उरत नाही. दोरीविना खेळायचे लहान धोंडेही, ज्याला बोल्डरिंग म्हणतात, त्याखाली जाड गादी टाकून कुणीतरी हात पसरून उभं राहतं, पडणाऱ्याचं डोकं आणि पाठ सांभाळायला. भावाच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की एकच जोडीदार असेल तर दोरी कच्ची आहे. दोन-तीन हवेत. आणि त्यातला एक तरी आपल्याहून नवशिका हवा. शिकलेल्या माणसाला तुमची गरज भासेलच असं नाही, नवशिक्याला भासते. म्हणून आता आम्ही चौघी नाही, नऊ जण आहोत. सगळ्यात लहान चौदा वर्षांचा, तेलुगू बोलणारा, आता “ढील दे” म्हणणारा.

परत येणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी, कारण उमेद आली तरी शरीर वेगळा हिशेब ठेवतं. पहिल्यांदा बोटं. स्नायू लवकर परत येतात, बोटांचे स्नायुबंध फार सावकाश. दोन महिन्यांत आपल्याला जुनी ताकद आल्यासारखी वाटते आणि नेमकं तेव्हाच बारीक पकडीवर बोट दुखावतं. सुरुवातीचे काही महिने मोठ्या पकडी आणि पायांचं काम, एवढंच करावं. ग्रॅनाइट त्यासाठी फार उदार आहे, तो पायच मागतो. दुसरं सामान. माळ्यावरची जुनी दोरी कितीही चांगली दिसली तरी वापरू नका. नायलॉन न वापरताही जुनं होतं आणि बनवणारे त्याला साधारण दहा वर्षांची कमाल मर्यादा देतात. माझ्या जुन्या दोरीवर आई गच्चीत चादरी वाळत घालते. बुटाचं रबरही कडक होतं, मग ते दगड धरत नाही. तिसरं, ऋतू. आमच्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तेही सकाळी. थंड दगडावर हाताला घाम कमी, पकड जास्त. मार्चनंतर दहाच्या उन्हात दगड तव्यासारखा तापतो. आणि चौथं, जुन्या पराक्रमाशी तुलना नको. मी १९९९ मध्ये जे चढायचे ते आज चढत नाही, आणि जे आज चढते ते कुणाबरोबर चढते, हे मला जास्त आठवतं.

भोनगीरचं नाव वर आलं, तर एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हैदराबादपासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर एका अखंड खडकावर उभा असलेला हा किल्ला. निजामाबाद जिल्ह्यातल्या पाकाला गावची मालावथ पूर्णा, सरकारी निवासी शाळेतली मुलगी, चढाईचे पहिले धडे याच खडकावर गिरवून २५ मे २०१४ ला एव्हरेस्टवर पोचली. वय तेरा वर्षं. बरोबर खम्मम जिल्ह्यातला आनंद कुमार होता. सगळे तिच्या जिद्दीचं कौतुक करतात, आणि ती जिद्द होतीच. पण मी त्या खडकाखाली उभी राहते तेव्हा मला ती व्यवस्थाही दिसते: शाळेनं मुलं पाठवली, कुणी शिकवलं, कुणी दोरी धरली. खेड्यातल्या मुलीला दोरीचं दुसरं टोक कुणीतरी नेऊन दिलं, म्हणून तिची जिद्द कळली तरी.

दगडांच्या बाबतीतही तसंच. शहरातले दगड वाचावेत म्हणून १९९६ पासून ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ काम करतेय. दगडांच्या वाटांवरून लोकांना फिरवते, सरकारदरबारी अर्ज करते. हैदराबाद विद्यापीठाच्या आवारातला मशरूम रॉक, दुर्गम चेरुवूभोवतीच्या टेकड्या हे दगड वारशाच्या यादीत आले ते अशा माणसांमुळे. ज्या दगडाकडे रविवारी माणसं येतात, मुलं चढतात, तो फोडायला येणाऱ्याला निदान कुणीतरी विचारणारं असतं. माझा पहिला दगड गेला तेव्हा तिकडे जाणारे आम्ही दोघंच उरलो होतो.

आता विनंती. आपली मंडळं गणपती करतात, कोजागरी करतात, नाटक-भजन करतात, दिवाळी अंक वाटतात. त्यात महिन्यातला एक रविवार कातळासाठी ठेवा. सगळ्यांनी चढायचं अजिबात नाही. ज्यांना येतं त्यांनी शिकवावं, ज्यांना येत नाही त्यांनी सावलीत बसून पोहे वाटावेत, आजी-आजोबांनी दगड बघावेत. शिकवणारा प्रशिक्षित हवा आणि हेल्मेट हवं, यात मात्र तडजोड नको. बेळगावकरांना बदामीचा तांबडा वालुकाश्म आहे, तिथे देशभरातून लोक चढायला येतात. बडोदेकरांना पावागड आहे, आणि माउंट अबूला गुजरात सरकारची गिर्यारोहण संस्था आहे. दगड सगळ्यांजवळ आहेत.

आणि ज्यांना परत जायचंच नाही, त्यांना कुणी छळू नये. छंद सोडायचा हक्क माणसाला आहे. पण ज्यांचे बूट अजून माळ्यावर आहेत, फेकवत नाहीत आणि घालवतही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहिलंय. तुम्ही उमेदीची वाट बघू नका. एखाद्या नवशिक्याला फोन करा आणि म्हणा, मी चढणार नाही, फक्त दोरी धरीन.

जुन्या शहरातला माझा मित्र गेल्या डिसेंबरापासून पुन्हा येतोय. दुकान आता त्याचा मुलगा बघतो. मीही त्याला तेच म्हटलं होतं, नुसती दोरी धर. तो म्हणाला, “हौ, धरतूं. चढने कू नक्को बोल.” तिसऱ्या रविवारी चढला.

तुमच्या गावी दगड कुठला आणि दोरी धरायला कोण, एवढं खाली नक्की लिहा. हैदराबादेत असाल तर थेट मला सांगा. गाडीत दोन जागा आहेत, साडेपाचला निघतो.